ओळीतली दोन टेबलं

शिलाईचा अख्खा हॉल तिला बांबू म्हणायचा. "काय गं बांबू, वर हवा कशी आहे?" कुणी विचारलं की ती म्हणे, "गार आहे, खाली पाठवू?" आणि बोलता बोलता कॉलर शिवून पुढे सरकवी. उतारावरचं पाणी जसं, तसा तिचा हात.

तो वेग पाहून सुपरवायझरच्या मनाने घेतलं, करामत टेबलात आहे. बांबूचं टेबल उंचीपायी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेलं होतं. त्याने सगळ्याच टेबलांखाली तसले ठोकळे बसवले. ओळ सुतात दिसू लागली. बाया मात्र आखडू लागल्या.

सगळ्यांत हाल तिच्या थोरल्या जावेचे. जाऊबाई अंगाने ठेंगण्या. खांदे कानांशी नेऊन शिवायच्या. उजवा हात बधिर झाला, कॉलरी तिरक्या जाऊ लागल्या, शिवण्यापेक्षा उसवणंच वाढलं. "उद्याचा दिवस बघतो. नाहीतर मशीन सोडा, धागे कापायला बसा," सुपरवायझरने बजावलं. बांबूला सुई ओवायला शिकवलं होतं ते जाऊबाईंच्या याच हाताने.

"ताई, त्याला सांगत का नाही?" बांबूने जावेला विचारलं.

"काय सांगू? धाकटीच्या मापाचं टेबल मला सोसत नाही म्हणून? तुझ्या कौतुकाला मीच गालबोट लावू?"

सकाळी बांबूने जावेच्या टेबलाचे ठोकळे काढले.

"ओळ मोडलीस!" सुपरवायझर धावत आला.

"मग माझेही काढते. दोघी सारख्या."

दिवसभर ती कमरेत मोडून शिवत राहिली. गुडघे टेबलाला घासत होते, मान दगड झाली होती. शेजारी जाऊबाईंचे खांदे हळूहळू उतरले. संध्याकाळी त्यांचा ढीग वाढलेला, बांबूचा निम्म्यावर.

"तुला काय झालं गं?" सुपरवायझर चक्रावला.

"ताईंना रोज होत होतं, तेच."

तो दोन्ही ढिगांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुझे ठोकळे लावून घे."

"आणि ताईंचे?"

"राहू दे. शिवू देत त्यांना ठोकळ्यांशिवायच. बाकीच्यांनाही विचारतो."

घरी बांबू जमिनीवर पालथी पडली. जाऊबाई शेजारी टेकल्या, तिची कंबर दाबू लागल्या.

"शहाणीच आहेस," त्या पुटपुटल्या.

दाबत होत्या डाव्या हाताने. उजवा मांडीवर तसाच पडून होता.