शिंपीकाकांचा जिना

"आणायचा तर अख्खा आणा. आणि एक ऐका ताई, त्याला शहाणं करायला जाऊ नका. आहे तसा आणा."

शिंपीकाकांचं हे बोलणं सकाळपासून ताईच्या कानात घुमत होतं. काकांची नजर कधीच गेली होती, पण बोटं शाबूत होती; सुई त्यांच्या हातात अजून शहाण्या मुलीसारखी चालायची. गल्ली पाडून नव्या इमारती उठवायचं ठरलं, तेव्हा मुलीने त्यांना आपल्या घरी नेलं. तिथे शिलाई मशीन वरच्या खोलीत लागलं आणि वर जायला होती लोखंडी शिडी. पहिल्याच आठवड्यात काकांचा पाय सटकला. तेव्हापासून मशीन वर आणि काका खाली. "जुना जिना माझ्या पायांना पाठ आहे हो," एवढंच ते म्हणाले. मुलीने मापं घेऊन पाहिली, तर जिना तिथे नेमका बसत होता. ताईने तिथल्या तिथे शब्द दिला.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ जुन्या लाकडांची वखार चालवत. घर पडण्याआधी दारं, खिडक्या, वासे सोडवून आणायचे, घासूनपुसून विकायचे. भावाला घरात सगळे भिंगरी म्हणत. मिशा आल्या, लग्न झालं, तरी नाव सुटलं नाही, कारण बूड टेकवून बसणं त्याला जमलंच नाही. दिवस मावळेपर्यंत आवाज चढवायचा नाही, हा ताईचा रोजचा नेम. भिंगरीबरोबर काम करणाऱ्याला याहून कडक व्रत कुठलं असणार!

त्या दिवशी गल्लीत काकांचं तेवढं एक घर उरलं होतं आणि दारात बुलडोझर घुरघुरत होता.

"ताई, मला वरून फोन आलाय," बुलडोझरवाला खिडकीतून ओरडला. "आता थांबता येणार नाही."

"चहा घेतलात का?" ताईने विचारलं.

"नाही अजून."

"मग घ्या की. थर्मास बाहेर ओट्यावर आहे. गरम आहे, सावकाश घ्या."

बुलडोझरवाला हसला. "सावकाश म्हणजे किती सावकाश?"

"फुंकून फुंकून," ताई म्हणाली आणि आत गेली.

आत भिंगरी जिन्यावर पालथा पडून पायऱ्या चाचपत होता. "ताई, यात एक खिळा नाही! डोकं चालत नाही माझं. पहार घालावी तर फळी चिरेल. करवत आणू का? दोन तुकडे करू, तिकडे जाऊन जोडू."

"अख्खा म्हणून सांगितलंय."

"अगं, पण हा उभा कशावर आहे? देवाच्या भरवशावर?"

"त्याच्या भरवशावर तर सगळंच उभं आहे," ताई म्हणाली, "पण सुताराने खालूनही काहीतरी केलं असेल ना?"

जिन्याखाली एक अंधारं कपाट होतं. ती वाकून आत शिरली. वर छताला पातळ फळ्या मारलेल्या. तिने एक फळी उचकटली, तशी डोक्यावर धुळीची टोपलीच रिकामी झाली. शिंका आवरत तिने टॉर्च वर मारला. प्रत्येक पायरी बाजूच्या फळीत खाच पाडून आत सरकवलेली होती, आणि प्रत्येकीच्या खाली, दोन्ही टोकांना, लाकडाची एकेक पाचर ठोकलेली. पाचर काढली की पायरी मोकळी!

"भिंगऱ्या! हातोडी! लहान हातोडी!"

"ओरडलीस! नेम मोडला!" भिंगरी कपाटात घुसत म्हणाला.

"आनंदाचं ओरडणं त्यात धरत नाहीत. ठोक."

टक. टक. तिसऱ्या घावाला पाचर निसटली आणि भिंगरीच्या मिशीवर आपटून खाली पडली. दुसऱ्या टोकाचीही निघाली. ताईने खालून तळव्याने दाबलं, आणि इतकी वर्षं जागची न हललेली पायरी टेबलाच्या खणासारखी अलगद मागे सरकली.

दोघं एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसत सुटली. त्यांचा गलका ऐकून बुलडोझरवाला कप घेऊनच आत आला, बघत राहिला, मग कप खिडकीत ठेवून त्याने बाह्या सरसावल्या. "द्या इकडे! मी बाहेर नेतो. नाहीतरी चहा फार गरम आहे."

ताई पाचरी काढून प्रत्येक पायरीवर खडूने आकडा घालत होती, भिंगरी ओढत होता, बुलडोझरवाला पळत होता. शेवटी बाजूच्या दोन लांब फळ्या तिघांनी मिळून टेम्पोत चढवल्या. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचला, तेव्हा मागे भिंत धडाडून खाली आली. भिंगरीने टेम्पोच्या छतावर थाप मारून आरोळी ठोकली.

वखारीत आल्यावर ताई हातपाय धुऊन, देवापुढे क्षणभर डोळे मिटून बाहेर आली. बघते तर काय, भिंगरी शिट्टी वाजवत रंधा मारतोय! कोवळ्या रंगाच्या ढलप्या भुरभुर उडतायत.

"बघ ताई, नवीकोरी! मधे केवढा खड्डा पडला होता. पार सपाट करून टाकला. आता दुसरी घेतो."

ताईच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. जुनं लाकूड आलं की आधी रंधा, ही वखारीची लहानपणापासूनची रीत. आणि काकांचं ते 'आहे तसा आणा'? ते तिने भिंगरीला सांगितलंच नव्हतं.

"थांब," ती हळूच म्हणाली. "तो खड्डा काकांच्या पायाने पडला होता रे. त्याच खुणेवर ते चढणार."

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. तो मटकन खाली बसला. भिंगरी आणि बसलेला! "आता गं?"

ताईने उरलेल्या पायऱ्यांवरून हात फिरवला. खड्डे शाबूत होते. कुठे डावीकडे, कुठे मधोमध, कुठे अगदी कडेला. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येईना. पण ज्या पायाने ते पाडले, तो पाय तर आहे.

"गोल पटाशीला धार लाव, खड्डा परत कोरायचाय," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांवर चादर टाक. त्यांच्याकडे बघूसुद्धा नकोस."

"तू कुठे निघालीस?"

ताईने गुळगुळीत झालेली पायरी काखेत मारली, खडूचा तुकडा पदराच्या टोकाला बांधला. जन्मभर काकांनी लोकांची मापं घेतली होती. आज त्यांना या पायरीवर उभं करून पावलाभोवती खडू फिरवायचा होता. चपला पायात सरकवून, वखारीचं फाटक आवाज न करता लोटून ती रस्त्याला लागली.