मोन्तेसोर्दोची हद्द

इटलीतल्या मोन्तेसोर्दो गावात आम्ही पोचलो तेव्हा जंगलाची हद्द चर्चच्या पायरीशी होती. आमचं जेवण होईपर्यंत ती चौक ओलांडून खानावळीच्या दारात आली.

झाडं जागची हलली नव्हती. हद्दच सरकली होती. पलीकडचा चौक, कारंजं, दगडी बाकं सगळं तसंच होतं, पण आता ते जंगल होतं. पाववाला टोपली घेऊन तिकडे उभा होता. एक पक्षी त्याच्या खांद्यावर काड्या रचत होता आणि तो त्याला हाकलत नव्हता.

खानावळीच्या मालकीणबाई, सिन्योरा ऑर्तेन्झिया, दारातली टेबलं आत ओढू लागल्या. त्या मराठीत बोलत होत्या.

"संरक्षित जंगल आहे. आतलं काही बाहेर काढता येत नाही. पानसुद्धा नाही."

"आणि माणसं?"

"तेच सांगतेय."

माझी थोरली बहीण कुंदाताई वरच्या खोलीत आडवी झाली होती. हे गाव तिनेच शोधलं होतं, इथे कुणी फिरकत नाही म्हणून. मी धावत जिना चढले. हद्द खिडकीतून शिरून पलंगावर आली होती. ताईचे पाय पलीकडे होते.

"ताई, ऊठ!"

"पाय गार पडलेत गं. ओढ मला."

मी उशाशी उभी राहून तिचे दोन्ही हात धरले आणि जोर लावला. ती तसूभरही सरकली नाही. गारठा तिच्या कमरेशी आला, मग छातीशी.

"आईला काय सांगशील?" तिने विचारलं.

"गप्प बस. आपण दोघी घरी जाणार आहोत."

"सांग, कुंदाला तिथलं फार आवड—"

हद्द तिच्या ओठांवरून गेली.

सिन्योरा दारात उभ्या होत्या. "हात सोडा, बाई. नाहीतर तुम्हीही जाल."

"नाही सोडणार."

ताईने माझ्याकडे पाहिलं. हरणं माणसांकडे पाहतात तसं. तिच्या नाकपुड्या फुलल्या. माझ्यापासून सुटायला ती सगळ्या अंगाने मागे खेचू लागली, खिडकीकडे, झाडांकडे. हद्द तिच्या मनगटांशी येऊन थांबली होती.

हद्दीच्या अलीकडे तिची बोटं अजून उबदार होती. त्या बोटांनी माझी बोटं घट्ट धरून ठेवली होती.