जागेपुरती भूल

गुढियारी मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात रुचिता दिवसभर स्पॅनिश पत्रकं मराठीत आणायची. माद्रिदच्या एका कंपनीची यंत्रं आपल्याकडच्या दवाखान्यांत येणार होती, त्यांच्यासोबत रुग्णांसाठी माहिती. ‘आनेस्तेसिया लोकाल’पाशी ती अडली. ‘स्थानिक भूल’ म्हणजे पटवाऱ्याचा रहिवासी दाखला वाटतो, असं पुटपुटत तिने लिहिलं, ‘जागेपुरती भूल’. पुढचं वाक्य सोपं होतं. प्रोस्टेटचा तुकडा तपासणीसाठी काढताना रुग्ण जागा असतो, बोलू शकतो.

आणि पलीकडच्या खोलीत तिचे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले दयाराम, नेमकी हीच तपासणी नाकारत होते.

तिला हे कळायलाच नको होतं. या घरात गॅस-अपचनाची चर्चा जेवतानाही चाले, पण लघवीचा विषय निघाला की बापाने मुलाशीच बोलायचं आणि लेकीने कान बंद करायचे, असा रिवाज. भाऊ लोकेश बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेला होता, रक्ताचा रिपोर्ट वाईट आला होता, आता समजूतही तोच घालत होता.

“बाबा, बेहोश कर देंगे. कुछ पता ही नहीं चलेगा.”

बिचाऱ्याला वाटलं, आपण धीर देतोय. पण दयारामांच्या बायकोला, शेवंताला, पित्ताशयाच्या ऑपरेशनला असंच बेहोश केलं होतं. ती पुन्हा जागी झालीच नाही.

“मले नाही जायचं,” ते म्हणाले. “जिद नको करू.”

रुचिता उठून दारापर्यंत गेली. तिची चाहूल लागताच बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ती परत येऊन बसली. बेहोश करत नाहीत हे लोकेशला सांगू, तो बाबांना सांगेल, असं तिने मनाशी ठरवलं. पण भावासमोरही जीभ रेटेना. लाजेने माणूस मरत नाही म्हणतात, ते कोणी ठरवलं कोण जाणे. मग बाबांना जरा बरं वाटलं, विषय मागे पडला आणि पत्रक कंपनीला गेलंसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली ती सुटेचना. आजार हाडांत उतरला आहे, डॉक्टर म्हणाले. आता दुखणं आवाक्यात ठेवायचं, एवढंच.

एका दुपारी बाबांची कंबर शेकता शेकता तिने सगळं सांगून टाकलं. सुई कुठे टोचतात, तेवढाच भाग कसा बधिर होतो, माणूस कसा डॉक्टरांशी बोलत पडून असतो. एकही शब्द अडला नाही, याचंच तिला रडू आलं.

“म्हणजे जागाच राहते माणूस?”

“हो, बाबा.”

“मंग लाव ना नंबर. जाऊ आपण.”

“आता उपयोग नाही, बाबा. पसरलंय ते.”

दयारामांनी भिंतीकडे तोंड केलं. 

“तेव्हाच काहून नाही सांगितलं, पोट्टी?”

“तुमच्यासमोर बोलायची लाज वाटली.”

त्यांनी हळूच मान हलवली.

“तेव्हा तू याच तपासणीचं काम करून राहिली, हे लोकेशनं सांगितलं होतं मले. लय वाटे, तुले विचारावं.” त्यांनी चाचपत तिचा हात धरला. “मले बी तुझीच लाज वाटली.”