नईमभाईंची दुरुस्ती

शहबाजचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. चंद्रपूरच्या रॉक बँडमध्ये सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे सॅक्सोफोन वाजवून विटलेला हा गडी आता एकट्याचा अल्बम करत होता, आणि तोही फ्री जॅझचा. म्हणजे ना ठरलेला ताल, ना ठरलेली चाल. अंगात येईल ते फुंकायचं. बँडवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. अल्बमच्या आठपैकी सात तुकडे रेकॉर्ड झाले होते. आठवा आज व्हायलाच हवा होता, कारण ड्रमर आदेश रेकॉर्डिंगचं उसनं सामान घेऊन चारच्या गाडीनं नागपूरला निघणार होता.

वरोऱ्याच्या घरीच, पुढच्या खोलीत माइक लावला. शहबाजनं फुंक मारली आणि लगेच सॅक्सोफोन तोंडातून काढला. सूर स्वच्छ, गुळगुळीत निघाला! त्याच्या सॅक्सोफोनची एक चावी नीट मिटत नसे. तिथून हवा फुटून चिरका, घोगरा आवाज येई. सगळा अल्बम त्या आवाजावर उभा होता.

"अब्बा! माह्या वाज्याले हात लावला का तुमी?"

नईमभाई लग्नाच्या बँडपार्ट्यांचे वाजे दुरुस्त करत. पार गोंडपिपरीचे बँडवाले त्यांच्याकडे येत. ते छाती फुगवून म्हणाले, "फजरच्या नमाजानंतर बसलो. चावीखालची गादी फाटली होती, नवी टाकली. माह्याच पोराचा वाजा हवा सोडते, लोक काय म्हणतीन?"

शहबाजला संतापानं रडूच आलं. "तेवढंच तर माह्यं होतं, अब्बा! बाकी सगळं लोकायनं शिकवलेलं आहे."

पावणेतीन झाले. शहबाज खोलीत येरझारा घालत फुंकून पाहत होता, पण सूर काही बिघडेना. नईमभाई तोंड पाडून बसले. मग त्यांनी आदेशकडून हेडफोन मागून घेतला आणि आधीचे तुकडे ऐकू लागले. पहिल्याला कपाळावर आठ्या पडल्या. तिसऱ्याला त्यांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"याले इतकी बेचैनी आहे," ते आदेशला हळूच म्हणाले, "अन मले मालूमच नाई?"

चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गळका वाजा घराबाहेर गेला नव्हता. त्यांनी मुलाच्या हातातून सॅक्सोफोन घेतला, मांडीवर आडवा धरला आणि पात्यानं नव्या गादीची कड कापली.

"वाजवून पाह्य," सॅक्सोफोन पुढे करत ते म्हणाले. "कमी असन तर अजून बिघडवतो."