आर्बोरेटम, बाविसावा मजला

माझा मुलगा साकेत ठाण्यात ज्या टॉवरमध्ये राहतो त्याचं नाव आर्बोरेटम. खाली चार कुंड्या आणि प्लास्टिकची हिरवळ. बिल्डरला कुणीतरी भारदस्त नाव सुचवलं आणि त्यानं अर्थ न विचारता ठोकून दिलं. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त मास्तराचं डोकं फिरायला एवढं पुरे.

माझी बायको सुमती गेली आणि डोंबिवलीचं घर बंद करून मी इथे आलो. तिथे आमचं दार दिवसभर उघडं असायचं. शेजारीण विरजणाची वाटी घेऊन यायची आणि तासभर बसायची. इथे लिफ्टमध्ये सगळ्यांच्या माना फोनमध्ये. कुणाला टॉवरच्या नावाचा अर्थ सांगायला जावं, तर तोवर त्याचा मजला येतो. खरं सांगायचं तर अर्थ हे निमित्त होतं. मला कुणीतरी बोलायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ज्येष्ठांना दोन शब्द बोलू देतात. मी आधीच नाव देऊन ठेवलं.

"लॅटिनमध्ये आर्बर म्हणजे झाड," मी माइकवर म्हणालो. "त्याला एटम हा प्रत्यय जोडला की अशी पुष्कळ झाडं एकत्र लावलेली जागा. एकट्या झाडाला आर्बोरेटम म्हणत नाहीत."

लोकांचं लक्ष बटाटेवड्यांकडे होतं. मला राहवलं नाही. "मी बावीसशे चारमध्ये दिवसभर एकटा असतो. कुणीही बेल वाजवा. चहा मी करतो."

टाळ्या पडल्या, कुठल्याही भाषणाला पडतात तशा. मग अध्यक्षांनी पार्किंगचा विषय काढला.

घरी आल्यावर साकेत म्हणाला, "बाबा, लोकांना वाटेल आम्ही तुमच्याकडे बघत नाही."

"बघता रे. पण रात्री, दमून आल्यावर."

त्यानंतर दुपारची झोप मी सोडली. बेल वाजायची ती कुरिअरवाल्याची.

एका शनिवारी दार उघडलं तर साकेत उभा. किल्ली त्याच्या हातातच होती.

"बेल कशाला वाजवलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणीही वाजवा." तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकला. "बाबा, इथे इतकी वर्षं काढली. मीपण कुणाकडे गेलेलो नाही. आमच्याकडे या म्हणायची हिंमतच झाली नाही कधी."

मी आधण ठेवलं, दोन कप काढले. साखरेचा डबा उघडला आणि थांबलो. माझ्या मुलाला चहात साखर किती लागते, ते मला त्याला विचारावं लागलं.