जुनी मापं

दुपारी घर इतकं शांत होतं की माझाही डोळा लागत होता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टिक्-टिक्-टिक् सुरू झालं. जाऊन पाहते तर आमची मुंगी, वय वर्षं साडेचार, उकिडवी बसून लाल सायकलचं मागचं चाक फिरवत होती.

"तू झोपली होतीस ना गं?"

"मी झोपलेच होते. पाय उठले."

आठ दिवस झाले, त्या खोलीत दोन सायकली उभ्या होत्या. सायकलच्या दुकानातल्या मास्तरांनी दोन्ही चालवून बघायला दिल्या होत्या. आज संध्याकाळी एक ठेवून दुसरी परत करायची होती. लाल शर्यतीची: हँडल खाली आणि लांब, अंगाची घडी करून बसायचं. राखाडी दिवसभराच्या रपेटीची: हँडल उंच, टायर जाड, पाठ बऱ्यापैकी सरळ. नवऱ्याने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "एक सवत खपवून घेतली असती गं. तू दोन आणल्यास, आणि दोघी माझ्याहून सडपातळ!"

मी हसले, पण माझं आधीच ठरलं होतं. लालच. दोन महिन्यांनी शर्यत होती आणि मी मास्तरांकडे नाव देऊन बसले होते. लग्नाआधी मी शर्यतीत उतरायचे. मास्तरांचं सायकलचं दुकान, त्यांनीच मला तयार केलेलं. मुंगीच्या वेळी सायकल सुटली ती सुटलीच. आता मला एवढंच बघायचं होतं, की तेव्हाची मी अजून थोडीतरी शिल्लक आहे का.

म्हणून सायकली देताना, त्या अंगाला बसत्या करायला मास्तरांनी टेप काढली तेव्हा मी म्हटलं, "कशाला? माझी मापं मला तोंडपाठ आहेत. जुनीच लिहा." त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि निमूट लिहून घेतलं.

पहिल्या सकाळी लालवर बसले आणि काय सांगू! पायांत वारं भरलं. घरी आले ती गाणं गुणगुणतच. मुंगीची शाळेची घाई होती. तिच्या स्वेटरचं बटण धरायला गेले, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडाचं झालेलं. बटण हाताला लागतंय की नाही, तेच कळेना.

"आई, तुझी बोटं झोपली?" तिने माझा हात तोंडाशी नेला आणि त्यावर फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने एक काज चुकवून सगळी बटणं स्वतःच लावली आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "राहू दे, मला येतं." शाबासकी द्यायची सोडून मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी नाइलाजाने राखाडी काढली. आरामखुर्चीला चाकं लावलीत नुसती, असं म्हणत निघाले. तलावापाशी माघारी वळायचं होतं. तलाव मागे पडला तरी मी चालवतच होते. काठावर बगळे होते. त्या रस्त्याने पूर्वी शंभरदा गेले असेन, पण मान खाली घालून, पुढच्याचं चाक बघत. बगळे पहिल्यांदाच दिसले. घरी आले आणि मुंगीला उचलून कडेवर घेतलं, चांगलं घट्ट. तरी राखाडीचा रागच आला. एवढं सुखाने बसवलंन् तिने मला, की आपण हरलो असंच वाटलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, दोन्ही सायकली घेऊन आम्ही तिघं दुकानात गेलो.

"कोणती?" मास्तरांनी विचारलं.

"लाल."

"हात पुढे कर. डोळे मीट." मी मिटले. "करंगळी दाबतोय. कळतंय?"

"हो, कळतंय की."

"मी अजून हात लावलेला नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"आता वाक बघू. गुडघे ताठ." पूर्वी माझे तळवे जमिनीला टेकायचे. आता बोटं घोट्यांच्या वरच अडली.

मास्तर स्टूल ओढून बसले. "पाठ वाकत नाही, म्हणून सगळा भार हातांवर येतो. चूक माझी आहे, पोरी. जुनी मापं लिहितानाच हात थांबायला हवा होता माझा. पण तू इतक्या वर्षांनी आलीस, तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"व्यायाम केला तर?"

"कर की. वर्षभराने पाठ ऐकेल थोडी. लालचं हँडल वर घेऊन दे म्हणालीस तर तेही देईन, पण मग ती धड लालही राहायची नाही. आणि दोन महिन्यांत, ही असली बोटं घेऊन, उतारावर ब्रेक कोण दाबणार? मी?"

मी नवऱ्याकडे वळले. निदान त्याने तरी एखादी सवतीची थट्टा करावी. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

मी राखाडीचं हँडल धरलं. "माझं नाव काढा शर्यतीतून," म्हटलं. शेवटचा शब्द नीट बाहेर पडलाच नाही.

मास्तरांनी वहीचं कोरं पान उघडून टेप घेतली आणि खांद्यापासून सुरुवात केली, शिंपी लहान मुलाचं माप घेतो तशी, हळूहळू, आकडे पुटपुटत.

मुंगी भिंतीवरच्या एका जुन्या फोटोपाशी टाचा उंचावून उभी होती. "ही कोण? हात वर केलेली?"

"तुझी आई," मास्तर म्हणाले. "पहिली आली होती त्या दिवशी."

तिने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "आणि मी कुठेय?"

"तू नव्हतीस तेव्हा," मी म्हटलं.

"बाबा होता?"

"तोही नव्हता."

मग ती माझ्याजवळ आली, टेपखालून वाकून माझ्या पायांना बिलगली, आणि मान वर करून म्हणाली, "मग आई, जिंकल्यावर तू पळत पळत घरी कुणाकडे गेलीस?"