ओल्या पायऱ्या

मिस्त्रीकाका शिडीची प्रत्येक पायरी आधी गालाला लावून बघायचे. उभा जन्म सुतारकामात गेलेल्या माणसाला लाकडातली ओल ओळखायला यंत्र लागत नाही. ओलं लाकूड गालाला गार लागतं. गार लागलं की काका ते मागच्या माळ्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "अजून तीन महिने." झालं, विषय संपला. ताईचे वडील शिड्यांच्या कारखान्याचे मालक, पण त्यांचीही काकांपुढे ब्र काढायची टाप नव्हती.

आणि का असावी? शिडीचं काम दिसायला सोपं. दोन उभे दांडे, त्यांना भोकं, भोकांत ठोकून बसवलेल्या पायऱ्या. पण पायरी खडखडीत वाळलेली हवी. ओली बसवली तर त्या दिवशी अशी घट्ट बसते की तुम्ही वर नाचा, हूं की चूं करणार नाही. पुढे दोन-तीन महिन्यांत ती सुकते, अंगाने बारीक होते आणि भोकात खुळखुळायला लागते. तोवर शिडी दुसऱ्याच्या घरी पोचलेली असते आणि वर चढणारा बिचारा खाली बघत नसतो.

वडील गेले आणि कारखाना ताईच्या गळ्यात पडला. बाई कष्टाळू होती, हिशेबाला चोख होती, पण एकटी होती. बाबांनी उभं केलेलं आपल्या हातून बुडणार, ह्या एका धास्तीने तिच्या घशाखाली घास उतरत नसे. काकांना विचारलं तर ते म्हणत, "थांब जरा. हळूहळू होईल." आता बुडणाऱ्या माणसाला हळूहळू होईल म्हटलेलं कधी आवडलंय का?

अशा वेळी तिला सर भेटले. हॉटेलचा मोठा हॉल, गालाला चिकटलेला माईक, डोळे दिपवणारे दिवे आणि खुर्च्यांवर उभं राहून ओरडणारी चांगली शहाणीसुरती माणसं. सर म्हणाले, तुमचा धंदा वाढत नाही, कारण तुमच्या आजूबाजूला नन्नाचा पाढा लावणारी माणसं आहेत. तीन वेळा नाही म्हणेल त्याच्या हातात लाल कार्ड द्या आणि घरी पाठवा. मग तो कुणीही असो! हॉल दणाणला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी स्वतः आजवर काय विकलं, तर हेच असले कार्यक्रम. पण हे विचारायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही, आणि ताईला तर नाहीच नाही.

सरांच्या शिकवणीत पहिली गोष्ट होती वेग. ताईने माळ्यावरचं लाकूड खाली काढायला सांगितलं. काका नाही म्हणाले. आठवड्याने पुन्हा सांगितलं, काका पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिने सगळ्या कारागिरांसमोर सांगितलं, काकांनी एक पायरी उचलून तिच्याच गालाला लावली आणि म्हणाले, "बघ पोरी. गार लागतेय ना?"

गार लागत होती. ताईला ती चांगलीच गार लागली होती. पण चारचौघांत गालाला लाकूड लावलेलं तिला झोंबलं आणि तिने पर्समधून लाल कार्ड काढलं.

काकांनी चष्मा लावून ते कार्ड वाचलं, खिशात ठेवलं, आपली पटाशी आणि रंधा पिशवीत भरला आणि निघून गेले. ताईने पाठमोऱ्या काकांचा फोटो काढून सरांच्या ग्रुपवर टाकला. दीडशे अंगठे आले.

पुढचे तीन महिने कारखान्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पूर्वी वर्षात होत नव्हत्या तेवढ्या शिड्या गेल्या. सरांनी ताईला आपल्या मोठ्या संमेलनात मंचावर बोलावलं. तिने नवी साडी घेतली, आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, काका ऑफिसात आले आणि त्यांनी टेबलावर एक पायरी ठेवली.

"वाचनालयात गेलो होतो. तिथल्या शिडीची आहे. तुझी शिडी. हाताने निघाली, हाताने! हातोडासुद्धा लागला नाही."

ताईने पायरी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"वहीत गिऱ्हाइकांची नावं-नंबर असतील. एकेकाला फोन लाव. चढू नका म्हणावं, आम्ही येऊन घेऊन जातो. आज, आत्ता बस."

तिने फोन लावला, पण सरांना. सर हसले. "एक पायरी निघाली म्हणून पळून जाणार? उद्या तुला चार हजार लोक बघणार आहेत. मंचावर माझ्याशेजारी रडका चेहरा नको. परवा बघ काय ते."

"परवा सकाळी करते, काका," ती म्हणाली. "शब्द देते."

"मग वही मला दे. मी करतो फोन."

ताईने वही खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. काकांनी एकदा त्या खणाकडे बघितलं. मग गेले. मला अजून तिचा राग येतो तो ह्या कुलपाचा. लाल कार्ड मी समजू शकतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती मंचावर होती. हातात काचेची ट्रॉफी, समोर टाळ्यांचा कडकडाट, आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. खाली उतरून तिने तो घेतला. शाळेची भिंत रंगवणारा पेंटर बारा फुटांवरून खाली आला होता. पायरी फिरली होती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात काका आधीच येऊन उभे होते. आत पेंटर उताणा पडलेला. त्याची बायको त्याचे तळवे चोळत होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आता? आता कळतोय हात?" तो मान हलवून नाही म्हणत होता.

ताईला पाहून तोच ओशाळला. "ताई, तुम्ही कशाला धावपळ केलीत? शिडीचा काही दोष नाही हो. मी स्वतः तुमच्या कारखान्यातून आणलेली शिडी, ती कशी दगा देईल? माझाच पाय चुकला असणार. हिलाही तेच सांगतोय."

ताईला तिथे उभं राहवेना. ती बाहेर आली, तेवढ्यात सरांचा फोन. तिने सगळं सांगितलं. "तो स्वतःच म्हणतोय ना?" सर म्हणाले. "मग लिहून घे. सही घे. औषधाच्या गुंगीत आहे तोवर उरकून टाक."

फोन तसाच कानाला लावून तिने काकांकडे बघितलं. त्यांनी रागवावं, एक ठेवून द्यावी, निदान काय करू ते सांगावं. काकांनी फक्त हात पुढे केला. "खणाची किल्ली दे. बाकीचे अजून चढतायत."

तिने किल्ली दिली. काका लगबगीने जिना उतरून गेले. सर अजून बोलत होते. तिने फोन बंद केला, पर्समध्ये टाकला आणि आत गेली.

"तुमचा पाय चुकला नाही," ती म्हणाली. "पायरी ओल्या लाकडाची होती. आणि पायऱ्या सुटतायत हे मला काल कळलं होतं."

बायकोचे हात तळव्यांवर थांबले.

"काल केव्हा?" पेंटरने विचारलं.

"दुपारी."

"दुपारी तर मी घरीच होतो," पेंटर म्हणाला. "फोन उशाशी होता माझ्या. काल सुट्टी होती मला."